हजेरी

दिवाळीच्या आगेमागे नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी जोरात असते. त्या दिवसांत गावातल्या शाळेची प्रार्थना आणि मजुरांची शेतावर निघण्याची वेळ जवळजवळ एकच. प्रार्थना संपते, मुलं वर्गात बसतात, गुरुजी टेबलावरचा हजेरीपट उघडतात आणि एकेक नाव घ्यायला लागतात. प्रत्येक नावाला उत्तर येतं, ‘हजर सर’. कुणाचं खणखणीत, कुणाचं पुटपुटल्यासारखं, कुणाचं शेजाऱ्यानं कोपर मारल्यावर. शाळेच्या तारेच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला, हातात विळा आणि डोक्यावर पाण्याची कळशी घेतलेली एखादी माय थोडी रेंगाळते. तिला शाळेत काही काम नसतं. आत आपल्या लेकराचं नाव कधी येतं, एवढंच तिला ऐकायचं असतं. नाव येतं, पण ते तिच्या तोंडचं नसतं. तिनं ठेवलेल्या नावातली एक मात्रा कागदावर येताना गळालेली असते, शेवटचं अक्षर लांबलेलं असतं, मधलं एखादं व्यंजन मराठी जिभेच्या सोयीनं बदललेलं असतं. पोरगं त्या बदललेल्या नावालाही ‘हजर’ म्हणतं. बाई पुढे चालू लागते.

‘हजेरी’ या शब्दाला वऱ्हाडात आणखी एक अर्थ आहे, आणि तो शाळेतला नाही. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात आणि त्याच्या आसपास पारध्यांचे बेडे, म्हणजे वस्त्या, आहेत. फासे पारध्यांचं नाव फाशावरून पडलं. तितर-लाव्हे धरण्याचा फासा हे त्यांचं पिढीजात अवजार. त्यांच्यातलेच टाकणकर जात्या-पाट्यांना टाकी लावत गावोगाव फिरायचे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि पुढे तो देशभर पसरला. ज्या जमातींची नावं त्या कायद्याच्या यादीत चढली, त्यांच्या माणसांना ठरलेल्या वेळी पोलिसांपुढे उभं राहून आपण इथंच आहोत हे दाखवावं लागे. गाव सोडायचं तर परवाना लागे. त्याचंही नाव हजेरीच. वऱ्हाड पोलिसांतला गन्थॉर्प नावाचा अधिकारी १८८२ मध्ये मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या ‘गुन्हेगार’ जमातींवर एक पुस्तक लिहितो, म्हणजे या माणसांची ओळख कुठल्या खात्यात नोंदली जाणार हे तेव्हाच ठरून गेलं होतं. कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाल्यावर ही माणसं मोकळी झाली. आजा पोलिसांच्या हजेरीला उभा राहायचा, नातू शाळेच्या हजेरीला उभा राहतो. मधे उभ्या असलेल्या बापाच्या कानात हा एकच शब्द कसा वाजत असेल, याचा विचार शाळा करत नाही. तिनं तो करायला हवा, असं मला फार मनापासून वाटतं.

परक्या देशात लेकरं वाढवणाऱ्या आईबापांच्या अडचणींचं बोलणं निघालं की आपल्या डोळ्यांपुढे विमानतळ, पासपोर्ट, अनोळखी लिपीतल्या पाट्या येतात. थायलंडचं उदाहरण घ्या. तिथं दीर्घ मुक्कामाच्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी माणसाला दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवावा लागतो. प्रत्येक घराची एक नोंदवही असते. नागरिकांची निळी आणि परदेशी माणसांसाठी पिवळी. म्हणजे एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या कुटुंबात लेकराचं नाव निळ्या वहीत आणि आईचं किंवा बापाचं पिवळ्या वहीत असू शकतं. १२ ऑगस्टला तिथं मातृदिन असतो. शाळेत मुलं आईपुढे गुडघे टेकतात आणि तिला मोगऱ्याच्या जातीची पांढरी फुलं देतात. खुर्चीवर बसलेल्या परदेशी आईला सोहळ्याची भाषा कळत नसेल, तर ज्या दिवशी सगळी शाळा तिला आई म्हणून मान देते, त्याच दिवशी ती तिथली सर्वांत अनोळखी बाई असते. भारतीय माणसाला थाई बोलण्यात ‘खॅक’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. पाहुण्याला मान असतो, पण पाहुण्यानं घरातल्या गोष्टींत बोलायचं नसतं. आणि लेकराच्या शिक्षणाइतकी घरातली गोष्ट दुसरी कोणती?

माझं म्हणणं असं, की आईबापाचं परकेपण देशाच्या सीमेवर तयार होत नाही. ते तयार होतं शाळेच्या फाटकात, दाखल्याच्या खिडकीपाशी, पालकसभेच्या सतरंजीवर. आपल्या लेकराविषयी आपल्याला जे माहीत आहे ते जिथं कुणी ज्ञान म्हणून मोजत नाही, तिथं माणूस परका पालक होतो. हे बँकॉकमध्ये होतं तसंच नांदगाव खंडेश्वरच्या पारधी बेड्यावर होतं. मेळघाटातून सोंगणीला, कापूस वेचायला, हरभरा उपटायला खाली उतरलेल्या कोरकू कुटुंबाच्या डेऱ्यातही होतं. मराठीत अशा माणसाला नेमका शब्द आहे, उपरा. लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिलं, तेव्हा स्वतःच्या मुलखात राहूनही माणूस बाहेरचा असू शकतो हे मराठी वाचकाला मान्य करावं लागलं. पण उपरेपणाची चर्चा आपण बहुधा जातीच्या आणि पोटाच्या अंगानं केली. आई किंवा बाप म्हणून येणारं उपरेपण त्याहून हळवं आहे. भुकेला माणूस दुसऱ्या गावी जाऊन काम शोधू शकतो, पण आपल्याच लेकराच्या नजरेत आपण अडाणी ठरतोय हे दिसू लागलं, तर त्यावर दुसरं गाव नसतं.

तारखेचंच पाहा. लेकरू कधी जन्मलं असं शाळेत विचारलं, तर बेड्यावरची माय सांगते, तूर फुलावर होती तेव्हा, त्या साली विहीर आटली होती, मोठ्या जावेचं पोर गेलं त्याच्या मागच्या अमावास्येला. ही माहिती थोडी नाही. तिच्यात ऋतू आहे, पीक आहे, घरातलं दुःख आहे, चंद्राची कला आहे. पण रकाना दिवस, महिना, वर्ष मागतो. मग गुरुजी सोयीची तारीख टाकतात, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांचा वाढदिवस एकाच १ जूनला येऊन पडतो. आपल्या आजोबांची कागदावरची जन्मतारीख आठवली तर बहुतेकांच्या घरात हा १ जून सापडेल. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सांगतो, की वयाचा पुरावा नाही म्हणून कुणाला प्रवेश नाकारता येणार नाही. हे फार मोठं पाऊल आहे आणि त्याचं मोल कमी लेखू नये. पण दार उघडणं आणि घरात घेणं यांत अंतर असतं. आईचं सांगणं पुरावा नाही, एवढं त्या दारात पहिल्याच दिवशी कळून जातं. पुढे जातीच्या दाखल्याची वेळ येते तेव्हा तर काळ उलटा चालायला लागतो. अनुसूचित जमातीच्या पडताळणीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा रहिवास दाखवायचा असतो. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातीत मोडतात, म्हणून ती तारीख त्यांनाही लागू. त्या काळात ज्यांच्या आजोबाला शाळेची पायरी माहीत नव्हती, जमिनीचा तुकडा नव्हता, त्याची नोंद सापडलीच तर कुठे सापडणार? ज्या वहीनं त्याला चोर ठरवलं, त्याच वहीपाशी नातवाच्या शिष्यवृत्तीसाठी जाऊन उभं राहायचं, अशी पाळी एखाद्यावर येऊ शकते.

मग भाषा. पारध्यांच्या घरात जी बोली बोलतात ती गुजरातीला जवळची. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणातही तिची नोंद भिल्ली बोलींच्या सोबत झालेली आहे. कोरकूचं गोत्र तर आणखी लांबचं. कोरकू ही मुंडा भाषा, म्हणजे ऑस्ट्रो-आशियाई कुळातली. संथाळी आणि मुंडारी तिच्या जवळच्या बहिणी, खासी दूरची, आणि त्याच कुळाच्या पूर्वेकडच्या शाखांत मोन आणि ख्मेर, ज्या थायलंडच्याही काही भागांत बोलल्या जातात. नांदगावच्या शेतात सोयाबीन सोंगणारी कोरकू बाई आपल्या लेकराला जी हाक मारते, तिच्या भाषेचे दूरचे सोयरे त्या देशाच्या मातीत आहेत. मात्र तिच्या हाकेपासून दोनशे पावलांवर असलेल्या शाळेच्या फळ्यावर त्या भाषेतलं एक अक्षर नाही. पहिलीतलं लेकरू दोन महिन्यांत मराठी उचलतं, मुलांची जीभ लवचीक असते. मग एक दिवस शाळेची चिठ्ठी घरी येते आणि ती लेकरू वाचून दाखवतं. सभा कधी, पैसे किती, कुठल्या कागदाची झेरॉक्स हवी, हे सगळं सात-आठ वर्षांचं पोर आईला सांगतं. बँकॉकमधल्या परदेशी घरातही असंच घडत असणार. पोराच्या हुशारीचं आपल्याला कौतुक वाटतं आणि ते खरंही आहे. पण त्याच क्षणी घरातल्या मोठेपणाची कावड एका बाजूला कलते. ज्यानं आईचं बोट धरून जग पाहायचं, त्याच्या बोटाला धरून आई जग पाहते. त्यात लाज असते, अभिमानही असतो, आणि दोन्ही एकत्र असल्यानं ते कुणापाशी बोलताही येत नाही.

यावर पहिली हरकत अशी येईल, की ही तुलनाच ताणलेली आहे. परदेशी माणूस परदेशीच असतो. पारधी आणि कोरकू या देशाचे नागरिक आहेत, त्यांना मत आहे, आरक्षण आहे, कायद्याचं संरक्षण आहे. हरकत बरोबर आहे आणि तिच्यातला फरक मला पुसायचा नाही. उलट तो नीट पाहायला हवा. बँकॉकच्या शाळेत अवघडून बसलेल्या परदेशी आईच्या मागे एक देश उभा असतो. तिच्याजवळ पासपोर्ट असतो, अडचणीला वकिलात असते, फारच असह्य झालं तर परतीचं तिकीट असतं. तिचं परकेपण हे तिनं, निदान काही अंशी, निवडलेलं असतं. बेड्यावरच्या बापाला परत जायला दुसरा देश नाही. हाच त्याचा देश, आणि याच देशात तो पिवळ्या वहीतला माणूस आहे, फक्त वही कुणी छापलेली नाही. नागरिकत्वानं हक्क मिळतात. पण आपलेपण मिळतं ते समोरच्या माणसाच्या वागण्यातून, आणि कायदा तिथं फाटकापर्यंतच सोबत येतो.

दुसरी हरकत जास्त टोकदार आहे, आणि ती शाळेत वर्षानुवर्षं राबणाऱ्या प्रामाणिक शिक्षकांकडून येते. हे आईबाप गावात टिकत नाहीत, कामामागे पांगतात, लेकरांना भीक मागायला लावतात, मुलींची लग्नं कोवळ्या वयात लावतात, बोलावलं तर सभेला येत नाहीत. शाळेनं किती धावायचं? यातली कुठलीही गोष्ट खोटी म्हणून झटकता येणार नाही. लेकराचं नुकसान आईबापाच्या हातूनही होतं, आणि त्यावर पांघरूण घालणं लेकराशी बेइमानी ठरेल. पण अविश्वासालाही इतिहास असतो. गुन्हेगार जमातींच्या कायद्यात मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या सुधारशाळांत ठेवण्याची तरतूद होती. सरकारनं लेकराला शिकवायला नेणं याचा अर्थ त्या घरांना एकेकाळी लेकरू हिरावणं असा लागत होता. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीचा धंदाही गुन्ह्यात गेला. जंगल वाचायला हवं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण फासा खाली ठेवलेल्या हातात काय द्यायचं, याचं उत्तर कायद्याबरोबर आलं नाही. ज्याचं येणं, जाणं, जगणं तीन पिढ्या कुणीतरी पाहत आलं, तो माणूस खाकी दिसली की वाट बदलतो, आणि कागद दिसला तरी बदलतो. त्याचं सभेला न येणं नेहमी बेफिकिरीचंच असतं असं नाही. बोलावणं आलं की आधी घाबरायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं असू शकतं.

या घाबरण्यावर घरातूनच उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न नांदगाव खंडेश्वर तालुक्यातच झाला. मंगरूळ चव्हाळा इथं फासे पारधी समाजातल्याच मतीन भोसले यांनी शिक्षकाची नोकरी सोडून २०१२ मध्ये पारधी लेकरांसाठी आश्रमशाळा उभी केली. तिचं नाव ‘प्रश्नचिन्ह’. शाळांना थोरांची, देवांची, मूल्यांची नावं देण्याची आपली रीत. इथं विरामचिन्हच नाव झालं, आणि तेही पूर्णविराम नव्हे. या शाळेचं मोल मला तिच्या इमारतीपेक्षा एका साध्या गोष्टीत दिसतं: ती चालवणाऱ्या माणसाला आईबापांचं बोलणं दुभाष्याशिवाय कळतं. पुढे समृद्धी महामार्ग आला. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, अंतर तासांवर आणणारा रस्ता, आणि त्याच्या कामात २०१९ मध्ये या शाळेच्या काही वर्गखोल्या आणि ग्रंथालय पाडलं गेलं. रस्ता नको असं कोण म्हणेल? पण नकाशावर रेघ ओढताना कुणाची शाळा शाळा म्हणून दिसते आणि कुणाची झोपडी म्हणून, हा प्रश्न त्या रेघेखाली राहून गेला आहे.

तरीही आश्रमशाळा म्हणा, मजुरांच्या मुलांसाठी गावात चालणारी हंगामी वसतिगृहं म्हणा, या सगळ्यांत एक सल आहे. लेकराचं शिक्षण सुटू नये म्हणून त्याला आईबापांपासून दूर ठेवावं लागतं. हेतू चांगला आहे, अनेकदा दुसरा मार्गही नसतो, आणि जुन्या सुधारशाळांशी त्यांची बरोबरी करणं अन्यायाचं होईल. तिथं लेकरू ओढून नेत; इथं आईबाप आपल्या हातानं सोडून येतात. पण लेकरू सोडून परतणाऱ्या माणसाच्या पाठीमागून पाहिलं तर चाल सारखीच दिसते. म्हणून तर त्याला आत बोलावणं, त्याला विचारणं, त्याला चार गोष्टी सांगू देणं अधिक गरजेचं होतं. ज्यानं लेकरू देऊन टाकलं त्याच्याकडे निदान लेकराची गोष्ट तरी राहू द्यावी.

तिसरी हरकत भाषेची. मराठी शिकल्यावाचून या लेकरांना पुढची वाट नाही, मग घरच्या बोलीचं कौतुक करून त्यांना मागे का ठेवायचं? मराठी आलीच पाहिजे, नीट आली पाहिजे, याबद्दल दुमत असू नये. पण मराठी येण्यासाठी घरची बोली जायलाच हवी, हे कुणी ठरवलं? राज्यघटनेत १९५६ मध्ये ३५०-अ हे कलम आलं ते भाषिक अल्पसंख्याकांच्या लेकरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून. शिक्षण हक्काचा कायदाही शक्य तिथवर मातृभाषेतूनच शिकवा असं म्हणतो. शिवाय ही गोष्ट वऱ्हाडी माणसाला तरी वेगळी समजावून सांगायला नको. ‘जाऊन राह्यलो’ म्हणणाऱ्या पोराला ‘जात आहे म्हण’ असं सांगून किती वर्गांनी गप्प बसवलं असेल! आपल्या मायचं बोलणं अशुद्ध आहे हे ज्या दिवशी शाळेत कळलं, त्या दिवशी वऱ्हाडातली कितीतरी घरं थोडी थोडी परकी झाली. शिकल्या-सवरल्या लेकानं पाहुण्यांसमोर मायला हळूच ‘तू बोलू नको’ म्हणणं हे बेड्यावरच्या घरात होतं, तसं पाटलाच्या वाड्यातही झालेलं आहे. तो चटका ज्यांनी खाल्ला, त्यांना तरी कोरकू मायचं मौन वाचता यायला हवं.

मार्ग फार दूरचा नाही, म्हणूनच त्याची हळहळ अधिक. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात, वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असाव्यात, हे २००९ च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे पालकाची जागा कायद्यानं मांडून ठेवली आहे; रिकामी आहे ती तिथली बोली. बेड्यावरच्या माणसाला समितीत घ्यायचं आणि ठरावाच्या कागदावर अंगठा तेवढा घ्यायचा, यानं त्याची हजेरी लागते, तो मात्र हजर होत नाही. त्यापेक्षा एखाद्या सकाळी त्याला वर्गात बसवून विचारावं, तितर कोणत्या वेळी बोलतो, पाऊस लांबणार हे तुम्ही कशावरून ओळखता, जात्याला टाकी लावताना दगडाची नस कशी सापडते. लेकरांनी ऐकावं. स्वतःच्या बापाला गुरुजींनी प्रश्न विचारला आणि गुरुजींना माहीत नसलेलं उत्तर बापानं दिलं, हे ज्या पोरानं एकदा पाहिलं, त्याच्या मनातली ती कललेली कावड पुन्हा थोडी सरळ होईल. याला निधी लागत नाही, शासननिर्णय लागत नाही. लागते ती आपल्याला सगळं माहीत नाही हे कबूल करण्याची तयारी, आणि ती मात्र कुठल्याही सरकारला वाटता येत नाही.

होळी जवळ आली की शिवार मोकळं होऊ लागतं. हरभरा निघालेला असतो, तुराट्या बांधावर रचलेल्या असतात, आणि कोरकू कुटुंबं मेळघाटाची वाट धरतात. होळी त्यांचा सर्वांत मोठा सण, तो आपल्या गावीच करायचा. शाळेत काही नावं रोज घेतली जातात आणि उत्तर येत नाही. गुरुजी क्षणभर थांबतात, दारातून बाहेर पाहतात, खूण करून पुढच्या नावाकडे वळतात. त्याच वेळी वर डोंगरात, चिखलदरा-धारणीच्या बाजूच्या एखाद्या ढाण्यावर, म्हणजे कोरकू वस्तीवर, एक बाई तेच नाव हाकारत असेल, गळालेल्या मात्रेसकट, मूळ अक्षरासकट. एकाच लेकराला दोन हाका. एकीत ते गैरहजर असतं, दुसरीला ओ देत ते घराकडे धावत सुटतं. नवं वर्ष उजाडून सोंगणीला ते पुन्हा खाली येईल, तारेच्या कुंपणाशी माय पुन्हा थांबेल, हजेरीपट पुन्हा उघडेल. तेव्हा नाव घेण्याआधी गुरुजींनी कुंपणाकडे पाहून एकदा विचारलं, की बाई, हे नाव तुमच्यात कसं म्हणतात, तर ती काय सांगेल?